दोन घरे, एकच पत्ता

चेन्नईहून बंगळूरकडे निघाले की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे महामार्गालगत इरुंगाट्टुकोट्टै हे गाव लागते. नाव उच्चारताना मराठी जिभेला थोडे श्रम पडतात. परंतु या गावाचा आपल्याशी असलेला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. तामिळनाडूच्या ‘सिपकॉट’ महामंडळाची औद्योगिक वसाहत येथे आहे, आपल्याकडील एमआयडीसीसारखीच. ह्युंदाई कंपनीने १९९६ साली भारतात आपली शाखा स्थापन केली आणि १९९८ मध्ये येथील कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. याच कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना विकत घेण्याचा करार केला. योगायोग असा की, इरुंगाट्टुकोट्टैवरून जाणारा क्रमांक ४८ चा राष्ट्रीय महामार्ग पुढे बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे असे टप्पे घेत तळेगावलाही येतो. दोन्ही गावे एकाच सडकेवर आहेत. मध्ये अंतर मात्र हजार किलोमीटरांहून अधिक.

वाचकहो, अशा सडकेच्या दोन टोकांना विभागलेल्या एका कुटुंबाची आपण कल्पना करू. आई-वडील तळेगावच्या जुन्या घरी आहेत. मुलगा व सून नोकरीनिमित्त इरुंगाट्टुकोट्टैजवळ भाड्याच्या घरात राहतात. दोन्ही घरी इंटरनेटची जोडणी आहे. तळेगावच्या घरी दारावर एक कॅमेरा बसवला आहे आणि कपाटाशेजारी एक साठवणयंत्र ठेवले आहे; त्यात पंचवीस वर्षांची छायाचित्रे, वडिलांच्या औषधोपचाराचे कागद आणि घराची खरेदीखते यांच्या प्रती आहेत. मुलाची इच्छा साधी आहे : येथे बसून तेथील कपाट उघडता यावे, आणि रात्री-अपरात्री आईने दूरध्वनी केला तर दारात कोण उभे आहे ते पाहता यावे. कोणीतरी सल्ला देते, “स्टॅटिक आयपी घ्या, म्हणजे झाले.” तो पैसे भरतो, आणि तरीही काम होत नाही. ते का होत नाही, आणि होण्यासाठी काय करावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम पत्ता म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असावा लागतो. त्याची १९८१ साली निश्चित झालेली आणि अद्याप प्रचारात असलेली रीत म्हणजे टिंबांनी विभागलेल्या चार संख्या. प्रत्येक संख्या शून्य ते २५५ यांच्या दरम्यान. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०. या चार संख्या म्हणजे घरावर सहज टाकलेला अंक नव्हे. त्यांना डावीकडून उजवीकडे अर्थ आहे.

असाच अर्थपूर्ण क्रमांक आपण रोज लिहितो. तो म्हणजे टपालाचा पिनकोड. संस्कृतचे व्यासंगी कवी आणि टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर सुरू झाला. त्यातील पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा. शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दाखवतात. इरुंगाट्टुकोट्टैचा क्रमांक ६०२ ने सुरू होतो, तळेगावचा ४१० ने. नागपूरच्या टपाल कर्मचाऱ्याला इरुंगाट्टुकोट्टैची आळी ठाऊक असण्याचे कारण नाही. पहिला ६ पाहून तो पत्र दक्षिणेच्या पिशवीत टाकतो. पुढचे पुढचा पाहून घेतो. आयपी पत्त्याचे कार्य नेमके असेच चालते. डावीकडील भाग गाव सांगतो, उजवीकडील भाग घर.

फरक एवढाच की, पिनकोडात गाव कोठे संपते ते ठरलेले आहे. आयपी पत्त्यात ते प्रत्येक वेळी सांगावे लागते. हे सांगणाऱ्या संख्येला ‘मास्क’ म्हणतात. २५५.२५५.२५५.० असा मास्क असेल तर पहिल्या तीन संख्या गावाच्या आणि चौथी घराची, असे समजावे. तेव्हा १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.२५ ही एका गावातील दोन घरे झाली, १९२.१६८.२.१० हे दुसऱ्या गावातील. पत्र गावातल्या गावात असेल तर यंत्र ते स्वतः नेऊन देते. गावाबाहेरचे असेल तर ते वेशीवर नेऊन ठेवते. या वेशीला ‘गेटवे’ म्हणतात, आणि घरोघरी ती वेस म्हणजे भिंतीवर दिवे लुकलुकवणारा राउटर होय. प्रत्येक गावातील पहिला क्रमांक खुद्द गावाच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम दवंडी देण्यासाठी राखलेला असतो. म्हणून २५६ क्रमांकांपैकी २५४ वापरता येतात.

एका गावाचे आणखी लहान भाग पाडले की त्यांना ‘सबनेट’ म्हणतात. मराठीत यासाठी ‘पोटजाल’ हा शब्द आम्हाला योग्य वाटतो. सातबाऱ्यावर गटाचे पोटहिस्से पाहिलेल्या वाचकाला त्याचा अर्थ सांगण्याची गरज नाही. जमिनीच्या हिश्शाप्रमाणेच येथेही दोन नियम आहेत : हद्द आधी आखावी, आणि एक तुकडा दोघांच्या नावे लागू देऊ नये.

आपल्या कुटुंबाची अडचण या दुसऱ्या नियमापाशीच सुरू होते. घरातल्या घरात वापरण्यासाठी काही क्रमांक १९९६ सालच्या एका ठरावाने मोकळे सोडलेले आहेत. १० ने सुरू होणारे सर्व, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे सर्व. ते कोणीही वापरावेत. घराबाहेर त्यांना किंमत नाही. राउटर बनवणाऱ्या अनेक कंपन्या कारखान्यातूनच १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ही मालिका घालून पाठवतात. परिणामी तळेगावचे घर १९२.१६८.१ आणि इरुंगाट्टुकोट्टैचे घरही १९२.१६८.१. एरवी त्याने काही बिघडत नाही. परंतु दोन घरांच्या मध्ये खासगी बोगदा टाकला, ज्याला ‘व्हीपीएन’ म्हणतात, की गोंधळ उडतो. मुलाचा संगणक तळेगावचे साठवणयंत्र १९२.१६८.१.५० वर शोधतो. पण मास्क सांगतो की हा क्रमांक आपल्याच गावातला आहे. मग तो वेशीकडे वळतच नाही. इरुंगाट्टुकोट्टैच्या दोन खोल्यांतच शोधत राहतो आणि शेवटी ‘सापडत नाही’ असे उत्तर देतो. बोगदा उत्तम, पैसे भरलेले, आणि तरी कपाट बंद.

उपाय एका कागदावर मावतो. दोन घरांना दोन भिन्न मालिका द्याव्यात. लक्षात राहण्यासाठी दूरध्वनीच्या संकेतांकाचा आधार घ्यावा. चेन्नईचा ०४४, म्हणून इरुंगाट्टुकोट्टैचे घर १९२.१६८.४४, पुण्याचा ०२०, म्हणून तळेगावचे घर १९२.१६८.२०. दोन्हींचा मास्क २५५.२५५.२५५.०. मग दोन्ही राउटरांना एकमेकांच्या मालिकेची वाट सांगावी, म्हणजे “२० ची पत्रे बोगद्यातून पाठव”, “४४ ची पत्रे बोगद्यातून पाठव”, आणि घरे जोडली जातात. उपाहारगृहे, वाचनालये, अतिथिगृहे यांतही पुष्कळदा तीच कारखान्याची मालिका असते. प्रवासात घरचे कपाट उघडायचे असेल तेव्हाही आपली मालिका वेगळी असल्याचा उपयोग होतो.

हा बदल करताना एक पथ्य पाळावे. तळेगावचे आकडे तळेगावात बसूनच बदलावेत. दुरून बदल करू गेल्यास ज्या फांदीवर बसलो तीच तोडल्यासारखे होते. आकडे बदलताक्षणी राउटरचे पानही नव्या क्रमांकावर जाते, आणि ज्या छपाईयंत्राला किंवा कॅमेऱ्याला जुना क्रमांक हाताने घातला असेल ते हरवते. दिवाळीला घरी जाल तेव्हाचा एक सकाळचा तास यासाठी ठेवावा. आणि आकडे यंत्रात इंग्रजी अंकांतच भरावे लागतात, हेही ध्यानात असू द्यावे.

आता कायम पत्त्याकडे वळू. येथे दोन अगदी निराळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात आणि त्यातून खर्च व मनस्ताप दोन्ही होतात. एक घराच्या आतील कायम पत्ता, दुसरा घराबाहेरचा.

आतील पत्ता राउटर वाटतो. यंत्र चालू झाले की ते क्रमांक मागते आणि राउटर धर्मशाळेच्या व्यवस्थापकाप्रमाणे रिकामी खोली ठराविक मुदतीपुरती देतो. पाहुण्याच्या दूरध्वनीला हे पुरेसे आहे. परंतु साठवणयंत्र, छपाईयंत्र, कॅमेरा यांना शोधत आपण जातो. त्यांची खोली बदलून चालत नाही. त्यांच्यासाठी राउटरमध्ये ‘राखीव पत्ता’ नोंदवण्याची सोय असते. यंत्राच्या पोटात कारखान्यात घातलेला ओळखक्रमांक आणि आपण ठरवलेला आयपी पत्ता यांची जोडी एकदा लिहून ठेवली की काम झाले. यंत्रावर हाताने आकडे घालण्यापेक्षा ही रीत बरी, कारण सर्व नोंदी एका ठिकाणी राहतात. हातानेच घालायचे असल्यास तो क्रमांक राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा असावा. उदाहरणार्थ, राउटर १०० ते २०० वाटत असेल तर आपण ५० घ्यावा. अन्यथा एक दिवस तोच क्रमांक दुसऱ्याला दिला जाईल. अलीकडचे दूरध्वनीसंच खरा ओळखक्रमांक झाकून बनावट सांगतात, हेही लक्षात ठेवावे. त्यांना राखीव पत्ता द्यायचा तर घरच्या जाळ्यापुरती ती लपवाछपवी बंद करावी लागते. या सर्वाला एक पैसाही पडत नाही.

बाहेरचा पत्ता मात्र विकत घ्यावा लागतो, कारण त्याची टंचाई आहे. चार संख्यांच्या रीतीने एकंदर ४२९ कोटींच्या आसपास पत्ते होतात. जगाची लोकसंख्या त्याहून पुष्कळ अधिक. जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले आणि आशिया-प्रशांत विभागाच्या ‘एपनिक’ या संस्थेला १५ एप्रिल २०११ पासून उरलेला अखेरचा गट मोजून मापून द्यावा लागला. त्यामुळे सेवा देणाऱ्या अनेक कंपन्या आता कित्येक घरांना मिळून एकच बाह्य पत्ता देतात. एखाद्या चाळीला एकच पत्रपेटी असावी तशी ही व्यवस्था. तुम्ही पत्र पाठवले तर उत्तर तुमच्याच खोलीत येते, कारण कोणी पाठवले याची नोंद असते. पण बाहेरून आपण होऊन आलेले पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे, हे कोणालाच कळत नाही. ते परत जाते.

आपले घर अशा चाळीत आहे किंवा कसे, हे पैसे भरण्यापूर्वी स्वतः तपासता येते. राउटरच्या पानावर बाहेरील बाजूचा पत्ता दाखवलेला असतो. तो १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ या आकड्यांनी सुरू होत असेल, अथवा १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल, तर तुम्ही कोणत्या तरी दुसऱ्या वेशीच्या आत आहात. २०१२ साली १००.६४ चा हा पट्टा खास अशा सामाईक व्यवस्थेसाठीच राखून ठेवण्यात आला. कधी कधी दुसरी वेस आपल्याच घरात असते : कंपनीची पेटी एक आणि आपण विकत आणलेला राउटर दुसरा. तेव्हा दोहोंपैकी एकानेच वेशीचे काम करावे, अशी मांडणी करून घ्यावी.

बाह्य पत्ता घेतल्यावर कंपनी कधी तो आपल्या बाजूनेच जोडून देते, तर कधी चार गोष्टी लिहून देते : पत्ता, मास्क, गेटवे आणि नावे शोधून देणारा डीएनएस. समजा, पत्ता २०३.०.११३.६ आणि मास्क २५५.२५५.२५५.२५२ असा आला. (ही मालिका केवळ उदाहरणांसाठी राखलेली आहे, ती कोणाच्याही घराची नाही.) हा मास्क म्हणजे चारच क्रमांकांचे पोटजाल : ४, ५, ६ आणि ७. त्यातील ४ गावाच्या नावाचा, ७ दवंडीचा, ५ कंपनीच्या वेशीचा आणि ६ तुमचा. येथे मास्क चुकवून नेहमीचा २५५.२५५.२५५.० लिहिला तर बहुतेक सर्व नीट चालते, पण शेजारच्या काही पत्त्यांकडे पत्रे जात नाहीत, आणि दोष सापडता सापडत नाही. म्हणून आकडे कागदावरून उतरवताना शेवटची संख्या दोनदा वाचावी.

खर्चाबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. दोन घरे जोडण्यासाठी दोन कायम पत्ते लागत नाहीत. ज्या घराला बाह्य पत्ता आहे त्याच्याकडे दुसऱ्या घराने बोगद्याची हाक द्यायची. एकदा बोगदा जुळला की ये-जा दोन्ही बाजूंनी होते. तळेगावच्या घराला पत्ता घेतला तर इरुंगाट्टुकोट्टैचे घर चाळीत असले तरी चालेल. भाड्याचे घर उद्या बदलेल, वडिलांचे घर जागेवर राहील. तेव्हा पत्ता तेथेच घेणे शहाणपणाचे. आणि केवळ दारावरचे चित्र पाहणे एवढीच गरज असेल, तर कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपद्वारे ते कायम पत्त्याशिवायही होते. मात्र चित्र त्या कंपनीच्या यंत्रांवरून येते, हे जाणून निर्णय घ्यावा.

कायम पत्ता मिळाल्याचा आनंद होताच बहुतेकांना वाटते की आता कॅमेऱ्याचे दार थेट बाहेर उघडून द्यावे. हे कदापि करू नये. जो पत्ता मुलाला सापडतो तो इतरांनाही सापडतो. इंटरनेटवरील एकेक क्रमांक ठोठावत फिरणारी यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभरातील कॅमेरे, चित्रमुद्रक आणि राउटर असेच ठोठावले. तिला फार कौशल्य लागले नाही. कारखान्यातून आलेले आणि मालकाने कधीच न बदललेले परवलीचे शब्द तिने एकामागून एक लावून पाहिले. अशा बळकावलेल्या यंत्रांच्या साह्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक सुप्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याची गंधवार्ताही नव्हती. म्हणून बाहेर उघडायचे ते केवळ बोगद्याचे दार. कॅमेरा आणि कपाट त्याच्या आत.

आतल्या आतही पोटजाले पाडणे हितावह असते. १९२.१६८.२० या मालिकेचे २५५.२५५.२५५.१९२ या मास्कने चार समान हिस्से होतात : ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५, प्रत्येकात वापरण्याजोगे ६२ क्रमांक. एक हिस्सा घरच्या माणसांच्या यंत्रांना, दुसरा साठवणयंत्राला, तिसरा कॅमेरा व दूरचित्रवाणीला, चौथा पाहुण्यांना. इतकी काटकसर नको असेल तर २०, २१, २२ अशा पूर्ण मालिका द्याव्यात. घरात क्रमांकांची सुबत्ता आहे, टंचाई बाहेर आहे. परंतु हद्दीची रेघ म्हणजे कुंपण नव्हे. केवळ आकडे वेगळे केल्याने पाहुण्याचा दूरध्वनी कपाटापासून दूर राहत नाही. कोणी कोठे जावे याचा नियम राउटरमध्ये स्वतंत्रपणे घालावा लागतो. साध्या राउटरमध्ये ही सोय नसेल तर निदान ‘पाहुण्यांचे जाळे’ चालू करून कॅमेरे व दूरचित्रवाणी तेथे बसवावीत. त्यानंतर कॅमेरा अजून दिसतो ना, हेही पाहून घ्यावे.

चार संख्यांच्या रीतीची जागा घेण्यासाठी आलेली ‘आयपीव्ही६’ ही नवी रीत भारतात झपाट्याने रुजली आहे. तिच्यात पत्त्यांची टंचाई नाही; घरातील प्रत्येक यंत्राला स्वतःचा बाह्य पत्ता मिळू शकतो. चाळ जाईल आणि प्रत्येकाला स्वतंत्र दार येईल. पण स्वतंत्र दाराला स्वतःची कडीही लागते. ती रीत चालू असेल तर राउटरमधील संरक्षक भिंत तिच्यासाठीही चालू आहे ना, हे पाहावे.

शेवटी, या सगळ्या आकड्यांच्या पलीकडची एक गोष्ट. तळेगावच्या घरात आई-वडील राहतात. ते घर त्यांचे आहे. दारावरचा कॅमेरा त्यांच्या सोबतीसाठी आहे. उद्या त्यांना न सांगता तो माजघरात आला, तर सर्व पोटजाले बिनचूक असूनही घराची हद्द मोडलेली असेल. कोणते यंत्र कोणाला दिसावे, हे त्या घरात राहणाऱ्यांना विचारून ठरवावे. मग एका कोऱ्या कागदावर मालिका, मास्क, गेटवे, राखीव पत्ते आणि कंपनीचा तक्रार क्रमांक स्वच्छ अक्षरांत लिहून तो कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा. परवलीचे शब्द मात्र त्यावर लिहू नयेत. एखाद्या पावसाळी रात्री जोडणी तुटली आणि मुलगा दूर असला, तर आई तो कागद हातात घेऊन आलेल्या कामगाराला सांगू शकेल, “आमची मालिका वीसची आहे, तीच ठेवा.” तिला तेवढे सांगता आले, म्हणजे दोन्ही घरांचे पत्ते खरोखर कायम झाले असे समजावे.